नाणेघाट चढून जुन्नरला

कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत उजव्या बाजूची खिडकी पकडावी. मुरबाड मागे पडलं, टोकावडे जवळ आलं की भाताच्या खाचरांपलीकडे सह्याद्रीची भिंत उभी राहते. तिच्यावरचे आडवे पट्टे पावसाळा सरल्यावर फार स्पष्ट दिसतात: उभा काळा कातळ, त्याच्या डोक्यावर गवताची उतरती पट्टी, पुन्हा कातळ, पुन्हा गवत. रोज या रस्त्यानं जाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण हे सगळे थर लाव्हाचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तप्त रस बाहेर आला, पसरला आणि थिजला. मग पुन्हा आला. असं लाखो वर्षं चाललं. आज उरलेल्या या थरांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलाय आणि घाटमाथ्याजवळ त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते.

एटना किंवा फुजीसारखा शंकू इथं शोधायला जाऊ नये, तो नाही. लाव्हा भेगांमधून आला. काही भेगांमध्ये तो तसाच उभा गोठला आणि अशा उभ्या दगडी भिंती मुरबाड, जुन्नर, संगमनेर या भागात जागोजाग आडव्या थरांना छेदून गेलेल्या दिसतात. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. ज्वालामुखीच्या मुलखात पायी भटकायचं म्हणून आपल्याकडची मंडळी हल्ली इटली-आइसलँडच्या सहली बुक करतात. जावं, जरूर जावं. पण वैशाखरे ते जुन्नर ही वाट त्याआधी चालून घ्यावी, असं माझं मत आहे. या वाटेवर दगड आणि इतिहास वेगवेगळे पाहावे लागत नाहीत. दगड जिथं वाट देतो तिथूनच व्यापार गेला, जिथं तो पाणी देतो तिथंच माणसं टेकली.

वैशाखरे गाव सोडून थोडं पुढे गेलं की रस्त्यालगत नाणेघाटाची पाटी आहे. तिथं उतरायचं. वाट चांगली मळलेली आहे, चुकायला फारशी जागा नाही. सुरुवातीचा टप्पा झाडीतून जातो, एक-दोन ओढे ओलांडतो आणि मग चढ लागतो. सावकाश चालणाऱ्यानं माथ्यापर्यंत अडीच-तीन तास धरावेत. चढताना पायाखालच्या दगडांकडे अधूनमधून बघावं. काही धोंडे घट्ट, काळे, फोडले तर धारदार निघतील असे. काहींना आंबोळीला पडते तशी जाळी पडलेली. लाव्हाच्या लोंढ्यातला वायू वर येताना तिथं अडकला, त्याचे बुडबुडे राहिले. पुढे लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्यानं यांतली कित्येक भोकं पांढऱ्या, गुलाबी, हिरवट खनिजांनी भरून टाकली. झिओलाइट म्हणतात ती हीच. पुणे-नाशिक भागातले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानानं मांडलेले आहेत. मंचरच्या बाजूला बेसाल्टचा एक थर असाही आहे की त्यात फेल्डस्पारचे बोटाच्या पेराएवढे पांढुरके स्फटिक आडवेतिडवे विखुरलेले दिसतात. त्या थराला अभ्यासक मंचरच्याच नावानं ओळखतात.

वर चढता चढता कुठंतरी विटकरी रंगाची मातकट पट्टी आडवी जाते. तिच्यापाशी थांबून श्वास घ्यायला हरकत नाही. एक लोंढा थिजल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात खालच्या थराचा पृष्ठभाग झिजला, लाल झाला आणि मग वरच्या लाव्हाखाली गाडला गेला. म्हणजे ही पट्टी मधल्या उसंतीची आहे. अशा सांध्यांतून पाणी पाझरतं. सह्याद्रीत ऐन उन्हाळ्यात एखाद्या कड्याच्या पोटात हिरवळ दिसली तर बहुतेक वेळा तिथं दोन थरांचा सांधा असतो. किल्ल्यावरचं टाकं कुठं खोदायचं, हे ठरवणाऱ्यांना भूशास्त्राचे शब्द ठाऊक नव्हते, पण ही गोष्ट पक्की ठाऊक होती.

शेवटच्या टप्प्यात वाट दोन कड्यांमधल्या खिंडीत शिरते आणि पायाखाली दगडी पायऱ्या येतात. गुळगुळीत झालेल्या, कडा घासलेल्या. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून जुन्नरला, पुढे पैठण, तेरकडे जाणारा माल याच चिंचोळ्या वाटेनं वर आला. बैलांच्या पाठीवरच्या गोण्या आणि समोरून उतरणारा दुसरा तांडा एकमेकांना कसे चुकवत असतील, याचा विचार इथं मनात येतोच.

खिंडीच्या तोंडाशी नाणेघाटाचं लेणं आहे. बाहेरून पाहिलं तर एक साधी चौकोनी खोली. मूर्ती नाही, नक्षी नाही. वाटसरू थकून आत टेकतात, डबे उघडतात. डोळे अंधाराला सरावले की डाव्या आणि उजव्या भिंतींवर ओळीच्या ओळी दिसू लागतात. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. हा सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख, पहिल्या सातकर्णीच्या पत्नीचा. त्याचा काळ इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक की पहिलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपालांना वंदन आहे. मग अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा: गाई, हत्ती, घोडे, गावं, कार्षापण नाणी. एक राणी घाटाच्या तोंडावर, जिथून येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी जाणार अशा जागी, घराण्याचा जमाखर्च कोरून ठेवते. आजच्या भाषेत जाहिरात म्हणा हवं तर. मला त्यात धोरण दिसतं.

या लेखातले आकडे स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. ते अंक आहेत हे १८७०च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी दाखवून दिलं. यात शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. सोबत लेखाची छापील प्रत नेली आणि विजेरीचा उजेड भिंतीवर तिरका पाडला, तर अशी जोडचिन्हं ओळखता येतात. समोरून झोत मारला तर काहीच दिसत नाही, अक्षरं दगडात विरून जातात.

मागच्या भिंतीवर आठ पुतळे होते. वर प्रत्येकाचं नाव कोरलेलं: सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. मधली काही नावं गेली. पुतळे तर सगळेच गेले, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. सातवाहन घराण्याचं हे कौटुंबिक दालन इतक्या आडवाटेला होतं आणि तरीही ते इतकं मोडलं, याचं वाईट वाटतं. त्याहून जास्त वाईट वाटतं ते कोळशानं आणि खिळ्यानं कोरलेली अलीकडची नावं पाहून. बदाम, बाण आणि गावाचं नाव.

या लेखाची पहिली नोंद कर्नल विल्यम साइक्स यांनी १८२८च्या उन्हाळ्यात केली. हे गृहस्थ कंपनी सरकारचे लष्करी अधिकारी, मुंबई इलाख्याची सांख्यिकी माहिती गोळा करत हिंडणारे. दख्खनच्या दगडाबद्दल त्यांचा भूशास्त्रीय निबंध १८३६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. लाव्हाचे आडवे थर मोजणारा आणि ब्राह्मीच्या ओळींपाशी थबकणारा माणूस एकच होता. पुढे ही दोन कामं करणारे दोन वेगळ्या खात्यांत गेले आणि एकमेकांशी बोलेनासे झाले.

खिंड ओलांडून पठारावर आलं की दगडी रांजण दिसतो. घाटाची जकात यात टाकायची, दिवसाअखेर तो नाण्यांनी भरायचा, अशी कथा सगळे सांगतात. कथा म्हणून ऐकावी. पाण्याची टाकी मात्र खरोखर मोक्याच्या जागी खोदलेली आहेत. माथ्याच्या बाजूला जो सुळका कड्यावर पुढे आलाय तो नानाचा अंगठा. त्याच्या टोकाशी गेलं की कोकणाचा तळ एकदम डोळ्यांत भरतो आणि हा कडा म्हणजे त्या अफाट लाव्हाच्या पठाराची तुटलेली कड आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात खालून येणारा वारा ओढ्याचं पाणी वर उधळतो. तो उलटा धबधबा पाहायला जुन्नरच्या बाजूनं गाड्यांची रांग लागते, कारण आता माथ्यापर्यंत डांबरी सडक आहे. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण पन्नास पावलं खाली उतरून लेणं पाहत नाहीत. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथं जाऊ नये, गेलंच तर मधल्या वारी जावं. चालण्यासाठी खरा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा पायऱ्यांवर शेवाळ नसतं आणि थर डोळ्यांना वाचता येतात.

मुक्काम माथ्यावरच्या घाटघर गावात करावा. आधी फोन केला तर घरात जेवण आणि अंथरूण दोन्ही मिळतं. ही वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. चुलीवरचं पिठलं, नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि रात्री थंडी पडली तर शेगडीभोवती गप्पा. अंगणात काहीतरी हिरवट-काळं सुकत घातलेलं दिसलं म्हणून विचारलं, तर मावशी म्हणाल्या, “हिरडा हाये तो, दादा. बाळहिरडा. फळ मोठं व्हायच्या आत उतरवायचा. भाताचं काय, पोटापुरतं व्हतं. नगद पैसा याचाच.” जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याचं झाड म्हणजे घरचं बँकखातंच असतं. तो झाडावरून उतरवताना माणसं पडतात, हेही त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जीवधन. नाणेघाटावर नजर ठेवणारे किल्ले चार: जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी. जीवधन घाटाला अगदी खेटून आहे. १८१८ साली इंग्रजांनी सह्याद्रीतले किल्ले ताब्यात घेतले तेव्हा अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंगानं उडवल्या, त्याच्या खुणा इथंही आहेत. एका जागी चढ उघडा आहे, हाताला खोबण्या शोधाव्या लागतात. नवख्यानं गावातला वाटाड्या घ्यावा, तो पैशाचा अपव्यय नव्हे. गडावर दगडी कोठी आहे, आत अंधार आणि वटवाघळं. पण पाहायचं ते कड्याच्या टोकावरून: गडापासून तुटून वेगळा उभा राहिलेला वानरलिंगी सुळका. वर्षानुवर्षं पाणी उभ्या भेगांत शिरत राहिलं, मधला भाग ढासळला आणि हा खांब मागे राहिला. त्याच्या अंगावर किल्ल्याच्या कड्यातलेच पट्टे, त्याच उंचीवर, तसेच पुढे चालू आहेत. प्रस्तरारोहण करणाऱ्यांची ही आवडती जागा. आपण लांबूनच बघावं.

चावंडबद्दल थोडक्यात: खोदीव पायऱ्या फार उभ्या आहेत, माथ्यावर सात टाक्यांचा समूह आहे, आणि निजामशाहीच्या पडत्या काळात बहादूर निजामशहाला इथं कैदेत ठेवलं होतं. पायथ्याच्या बाजूला पूर गावात कुकडेश्वराचं जुनं शिवमंदिर आहे. कुकडी नदी इथं उगम पावते. देवळाचं शिल्पकाम बारकाईनं बघण्याजोगं. तिथून पुढे जुन्नरपर्यंतचा पल्ला डांबरी रस्त्याचा, उन्हाचा. चालण्यात काही राम नाही, एसटी पकडावी. उसाच्या पट्ट्यात संध्याकाळनंतर एकट्यानं पायी हिंडू नये. बिबट्या ही जुन्नरकरांची रोजची बाब आहे. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्रही आहे.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास खोदकामं आहेत. एका शहराभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे नाहीत. वेरूळ-अजिंठ्याची शिल्पं, चित्रं इथं शोधू नयेत. इथं खोल्या आहेत, बाक आहेत, टाकी आहेत, आणि देणाऱ्यांची नावं आहेत. मला ही नावंच जास्त आवडतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे व्यवसाय-संघानं, लेणं आणि टाकं दिलं. कासारांची श्रेणी, बुरुडांची श्रेणी यांचेही उल्लेख येतात. तीन लेखांत यवन आहेत: इरिल नावाच्या यवनानं दोन टाकी दिली, चिट नावाच्यानं संघासाठी भोजनमंडप, चंद नावाच्यानं मानमोडी डोंगरातल्या एका चैत्याचं दर्शनी काम. हे ग्रीक होते की पश्चिमेकडून आलेले आणखी कुणी, यावर वाद घालता येतो. पण समुद्रापलीकडून आलेल्या या माणसांनी घाट चढून इथं बौद्ध संघाला दान दिलं, हे दगडातच लिहिलेलं आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत कल्याण बंदराची नोंद आहे: पूर्वी तिथं रीतसर व्यापार चाले, आता चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला पाठवलं जातं. शक क्षत्रपांची आणि सातवाहनांची ओढाताण होती ती. मानमोडीलाच नहपान क्षत्रपाच्या अयम नावाच्या अमात्याचा, वर्ष ४६ असं नोंदवलेला दानलेख आहे. म्हणजे जुन्नर काही काळ क्षत्रपांच्या हातात होतं.

तुळजा लेणं शहराच्या पश्चिमेला. तिथला चैत्य गोल आहे. मधोमध स्तूप, भोवती बारा अष्टकोनी साधे खांब, वर घुमट. दर्शनी भाग कोसळून गेल्यानं उजेड थेट आत येतो. एवढा नेटका गोल, तोही खडकाच्या पोटात वरून खाली खोदत आणलेला. एक ठोका चुकला तर दगड परत लावता येत नाही. शिवनेरीवर बहुतेक जण जन्मस्थान पाहून उतरतात. १६३० साली शिवाजी महाराज इथं जन्मले आणि २०२५ साली युनेस्कोनं मराठा लष्करी भूदृश्यांत या किल्ल्याची नोंद केली, तेव्हा गर्दी असणारच. पण डोंगराच्या पूर्व अंगाला कड्यात कोरलेली सातवाहनकालीन लेणी गडाहून हजारभर वर्षांनी जुनी आहेत. तिकडे चिटपाखरू नसतं.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गणपतीच्या दर्शनाची रांग सातव्या लेण्यात जाते. अष्टविनायकांतला हा गिरिजात्मज मूळच्या बौद्ध विहारात बसलाय. एवढं मोठं दालन आणि मधे एकही खांब नाही. घट्ट बेसाल्टचा थर नेमका सापडला म्हणून ते शक्य झालं. शेजारचं सहावं लेणं चैत्याचं. दर्शन उरकून लोक त्याच्यावरून नजर फिरवून निघतात. तिथल्या लेखात दात्याचं नाव आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत. कल्याणच्या माणसानं जुन्नरला चैत्यगृह दिलं. पुणे-नाशिक महामार्गावरून मोटारीत आलेल्याला ही नुसती माहिती वाटते. नाणेघाट चढून आलेल्याच्या पोटऱ्यांना तिचा अर्थ कळतो. आणखी एक सांगायचं राहिलं: शिवनेरी आणि लेण्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर फासून, सिगरेट ओढत, आरडाओरडा करत जाऊ नये.

हाताशी वेळ असेल तर कुकडीच्याच काठानं खाली बोरी बुद्रुकला जावं. इथल्या नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि ती राख दख्खनची नाही. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, तीन हजार किलोमीटरहून दूरची, वाऱ्यानं उडत आलेली. पुण्याच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात ती उजेडात आणली. तिच्या सोबतीच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली, आणि ती याच बेसाल्टची. राख टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, हा वाद मिटलेला नाही. काहींच्या मते सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या, काहींच्या मोजणीनुसार ६ लाखांहून जास्त वर्षांपूर्वीच्या. हत्यारांचं वय त्या उत्तरावर अवलंबून आहे. बोरीहून नारायणगाव जवळ. तिथं मासवडी खावी, रस्सा तिखट असतो, आणि पुण्याला किंवा नाशिकला जाणारी गाडी दर थोड्या वेळानं मिळते.